शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न – समीक्षा आणि खेळाडूंचा प्रतिसाद

'शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न' हा ॲटलस या जपानी कंपनीने तयार केलेला भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम आहे. प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी तो २० फेब्रुवारी २००३ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची वाढवलेली 'मॅनिॲक्स' ही आवृत्ती जानेवारी २००४ मध्ये आली आणि तिच्याच आधारे ऑक्टोबर २००४ मध्ये उत्तर अमेरिकेत व जुलै २००५ मध्ये युरोपात इंग्रजी आवृत्ती निघाली. युरोपात घोस्टलाइट या प्रकाशकाने 'ल्युसिफर्स कॉल' हे नाव वापरले. पुढे २०२० साली जपानमध्ये आणि २५ मे २०२१ रोजी इतरत्र या खेळाची सुधारित उच्च-स्पष्टता आवृत्ती प्रसिद्ध झाली. प्रस्तुत लेखात या खेळाविषयी समीक्षकांनी व खेळाडूंनी वेळोवेळी मांडलेल्या मतांचा आणि त्या मतांमागील कारणांचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी

मेगामी टेन्सेई या शब्दांचा अर्थ 'देवीचा पुनर्जन्म' असा होतो. या मालिकेचे मूळ १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आया निशितानी यांच्या कादंबरीत आहे. संगणकाच्या साहाय्याने आसुरी शक्तींना आवाहन करणारा एक शाळकरी मुलगा हा त्या कादंबरीचा नायक. तिच्यावर आधारित पहिला खेळ १९८७ मध्ये आला. 'शिन' म्हणजे 'खरा' हे उपपद लावलेला पहिला भाग १९९२ मध्ये व दुसरा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या भागासाठी चाहत्यांना त्यानंतर नऊ वर्षे वाट पाहावी लागली. पात्रांची व दैत्यांची रेखाटने काझुमा कानेको यांची आहेत आणि संगीताची मुख्य जबाबदारी शोजी मेगुरो यांनी सांभाळली. जपानबाहेर 'शिन मेगामी टेन्सेई'च्या मूळ क्रमातील हाच भाग प्रथम इंग्रजीत पोहोचला. त्यामुळे पाश्चात्त्य समीक्षकांपैकी अनेकांचा या मालिकेच्या मुख्य धारेशी पहिला परिचय याच खेळातून झाला.

कथेचा आरंभ टोकियोतील एका इस्पितळात होतो. तीन विद्यार्थी आपल्या आजारी शिक्षिकेला, युको ताकाओ यांना, भेटायला जातात. त्याच दिवशी हिकावा नावाचा मनुष्य घडवून आणतो तो प्रलय. जग संपते, आणि टोकियो शहर एखाद्या पोकळ गोळ्याच्या आतल्या बाजूने गुंडाळले जाते. त्या गोळ्याच्या मध्यभागी कागुत्सुची हे तेजःपिंड चंद्रासारखे कलाकलाने वाढते व घटते. नायकाच्या शरीरात मगातामा नावाचा किडा सोडला जातो आणि तो अर्धा मानव, अर्धा दैत्य होतो. नव्या जगाचे तत्त्व कोणते असावे, हा यापुढचा प्रश्न. हिकावाचे 'शिजिमा' म्हणजे निश्चल शांततेचे जग. चिआकी या मैत्रिणीचे 'योसुगा' म्हणजे केवळ बलवंतांचे जग. इसामू या मित्राचे 'मुसुबी' म्हणजे ज्यात प्रत्येक जण आपल्यापुरता एकटा असेल असे जग. खेळाडूने यांपैकी एकाची बाजू घ्यावी, जुने जग परत आणावे, किंवा काहीच निवडू नये. त्यानुसार शेवट बदलतो.

'दैत्य' या शब्दाविषयी

या खेळावरील बऱ्याच चर्चेत एक शब्द अडसर ठरतो. जपानी मुळात 'अकुमा' हा शब्द आहे व इंग्रजीत त्याचे भाषांतर 'डीमन' असे झाले. खेळात मात्र या नावाखाली केवळ दुष्ट शक्ती येत नाहीत. ग्रीक, नॉर्स, केल्टिक, चिनी, शिंतो, ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध आणि हिंदू परंपरांतील देवता, देवदूत, पऱ्या, राक्षस व पिशाचे ही सगळी 'अकुमा'च. मराठीत देव, गंधर्व, यक्ष, असुर, वेताळ यांना वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. येथे त्या सर्वांची नोंद एकाच वहीत केली आहे. सोयीसाठी या लेखात 'दैत्य' हा शब्द वापरला असला, तरी त्याचा अर्थ याच व्यापक पद्धतीने घ्यावा.

भारतीय वाचकाला या यादीत ओळखीची नावे पुष्कळ आढळतात. शिव, विष्णू, काली, पार्वती, सती, लक्ष्मी, सरस्वती, गणेश, हनुमान, गरुड हे सारे खेळात आहेत आणि योग्य पातळीला पोहोचल्यावर नायकाच्या बाजूने लढतात. इंद्राला धडा शिकवण्यासाठी च्यवन ऋषींनी निर्माण केलेला महाभारतातील मद आहे. माराचा हत्ती गिरिमेखल आहे. बिशामोन, जिकोकू, कोमोकू व झोचो ही जपानी नावे अनुक्रमे वैश्रवण, धृतराष्ट्र, विरूपाक्ष व विरूढक या चार दिक्पालांची होत. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेलेले हे चार द्वारपाल तेथे पूर्णपणे जपानी झाले. खेळातील 'मंत्र' नावाच्या सैन्याचा प्रमुख गोझु-तेन्नो हा बैलाच्या मस्तकाचा देव जपानी परंपरेत श्रावस्तीच्या जेतवनाचा रक्षक मानला जातो. अमाला नावाच्या चक्रव्यूहातील पाच मजल्यांना 'कल्प' असेच नाव आहे.

या विषयावर समीक्षकांची मते साधारणपणे अनुकूल होती. दैत्यांची निवड वरवरची नाही, प्रत्येकाच्या रेखाटनात व स्वभावात मूळ कथेचा काही अंश उतरला आहे, असे अनेकांनी नोंदवले. बाली बेटावरील रांगदा व बारोंग या परस्परविरोधी शक्तींचा संयोग केल्यास त्यातून शिव प्रकट होतो. ही रचना करणाऱ्याला पुराणकथांची जाण आहे, हे अशा ठिकाणी दिसते. दुसरी बाजूही खरी आहे. ज्यांच्या घरात रोज दिवा लावला जातो अशा देवतांना पकडून, एकमेकांत मिसळून लढाईला जुंपणे सर्वांनाच रुचेल असे नाही. जपानी निर्माते आपल्या शिंतो देवांशीही तसेच वागतात. कागुत्सुची हे नावच मुळात शिंतो अग्निदेवाचे आहे. त्यामुळे अवमानाचा हेतू काढणे कठीण आहे. पण हेतू नसणे म्हणजे दुखावणे नसणे नव्हे, हेही तितकेच खरे.

समीक्षकांची पहिली मते

इंग्रजी आवृत्तीला समीक्षकांकडून एकंदरीत चांगला प्रतिसाद मिळाला. विविध परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर प्लेस्टेशन २ वरील आवृत्तीचे गुण १०० पैकी ८२ इतके आहेत. स्तुतीचे मुद्दे बहुतेक परीक्षणांत सारखेच होते: लढाईची पद्धत, दैत्यांच्या संयोगाची यंत्रणा, कानेको यांची चित्रशैली आणि संपूर्ण खेळावर पसरलेले उजाड वातावरण. तक्रारीही सारख्याच होत्या. वारंवार होणाऱ्या अकस्मात चकमकी, कंटाळवाण्या वाटणाऱ्या भुलभुलैया, मानवी पात्रांचे अल्प संवाद आणि सर्वांत वर, काठिण्य.

चित्रांबाबत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००४ साली स्पर्धक खेळ अधिकाधिक वास्तवसदृश होऊ पाहत असताना येथे सपाट रंगांची, ठळक कडांची शैली वापरली गेली. काहींना ती रिकामी वाटली. वर्षे लोटल्यावर मात्र त्या काळातील वास्तवसदृश चेहरे जुनाट दिसू लागले आणि ही सपाट शैली टिकून राहिली, असे नंतरचे परीक्षक आवर्जून सांगतात.

लढाईची पद्धत आणि काठिण्याचा वाद

'नॉक्टर्न'विषयीचे कोणतेही मत समजून घ्यायचे तर त्यातील 'प्रेस टर्न' ही पद्धत समजून घेणे भाग आहे. चौघांच्या चमूला चार खेळ्या मिळतात. शत्रूच्या मर्मावर, म्हणजे ज्या तत्त्वापुढे तो दुबळा आहे त्या तत्त्वाने आघात केला, तर पूर्ण खेळीऐवजी अर्धीच खर्च होते आणि उरलेल्या अर्ध्यात आणखी एक चाल करता येते. आघात चुकला किंवा शत्रूवर त्याचा परिणामच झाला नाही, तर दोन खेळ्या जातात. शत्रूने तो परतवला किंवा शोषून घेतला, तर त्या फेरीतील साऱ्या खेळ्या संपतात. हाच नियम शत्रूलाही लागू आहे. आपल्या चमूतील एकाचे मर्म उघडे राहिले की शत्रू त्याच्यावर पुन्हा पुन्हा प्रहार करून आपल्या चाली दुप्पट करतो. त्यातच काही प्रमुख शत्रू नुसती नजर रोखून स्वतःच्या खेळ्या वाढवतात, तेव्हा सरळ चाललेली लढाई एका फेरीत उलटते.

या पद्धतीत निष्काळजीपणाला जागा नाही. म्हणूनच समीक्षकांनी तिचे कौतुक केले आणि म्हणूनच अनेक खेळाडू हैराण झाले. त्यात आणखी एका नियमाची भर पडते: चमूतील बाकी सर्व जण जिवंत असले तरी नायक पडला की खेळ संपतो. तत्काळ मृत्यू आणणारे मंत्रही खेळात आहेत. शेवटचे जतनस्थान मागे राहिले असेल, तर तासाभराची मेहनत एका मंत्राने वाया जाते. या नियमाचा बचाव करणारे म्हणतात की नायकाला योग्य मगातामा धारण करवून असे मंत्र निष्प्रभ करता येतात, तेव्हा दोष नियमाचा नसून तयारीचा आहे. विरोधकांचे म्हणणे असे की कोणता शत्रू पुढे येणार हे आधी कळण्याची सोय नसताना तयारी कशाची करायची? या आक्षेपात तथ्य आहे. पहिल्यांदा खेळणाऱ्याला काही धडे केवळ मरूनच मिळतात.

या वादाचे प्रतीक बनला तो माटाडोर. 'मॅनिॲक्स' आवृत्तीत समाविष्ट झालेला हा सांगाड्याच्या रूपातील बैलझुंजीचा वीर खेळाच्या बऱ्याच आरंभी, गिंझा परिसरानंतर, अचानक वाट अडवतो. तो लाल वस्त्र फडकवून आपली चपळता कमाल मर्यादेपर्यंत वाढवतो. त्यानंतर नायकाचे बहुतेक वार चुकतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक चुकलेल्या वारामागे दोन खेळ्या जातात. शिवाय तो वायुतत्त्वाचे मंत्र सर्व चमूवर सोडतो. त्या तत्त्वापुढे दुबळा असलेला एखादा साथीदार बरोबर असला, तर माटाडोरच्या चाली वाढतात. इतर भूमिकाप्रधान खेळांत अशा वेळी आणखी थोड्या लढाया करून पातळी वाढवणे हा रूढ उपाय असतो. येथे तो उपाय पुरा पडत नाही. शत्रूची चपळता घटवणारे व आपली वाढवणारे मंत्र वापरणे, वायूची बाधा न होणारे साथीदार निवडणे आणि नायकाला तशीच मगातामा देणे, या तीन गोष्टी जमल्या की तीच लढाई आटोक्यात येते.

अनेक खेळाडूंनी येथेच खेळ सोडून दिला. ज्यांनी सोडला नाही, ते याच लढाईत खेळ आपल्याला कळला असे सांगतात. शाळेतील गणिताच्या एखाद्या कडक परीक्षेसारखी तिची आठवण काढली जाते: तेव्हा राग आला, नंतर उपयोग झाला. माटाडोर हा वाईट शिक्षक आहे की चांगला, यावर एकमत नाही आणि होण्याची शक्यताही दिसत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की बळ किंवा क्षीणता आणणारे जे मंत्र इतर खेळांत शोभेपुरते असतात, ते येथे अपरिहार्य ठरले. या मालिकेच्या पुढील भागांतही खेळाडू ते मंत्र आपोआप हाताशी ठेवू लागले.

संयोग आणि बोलणी

शत्रूंशी बोलणी करून त्यांना आपल्या बाजूला वळवणे आणि दोन दैत्यांच्या संयोगातून नवा दैत्य घडवणे, हा खेळाचा दुसरा आधार. बोलण्यांविषयी तक्रारी अधिक आहेत. पैसा व वस्तू उकळून पसार होणारे दैत्य काही खेळाडूंना गमतीचे वाटले, काहींना संतापजनक. संयोगाविषयी मात्र जवळजवळ सर्वांचे मत चांगले आहे. जिवावर उदार होऊन साथ दिलेला दैत्यही पुढच्या टप्प्यावर मोडीत काढावा लागतो, हा हिशेबीपणा खेळाच्या कठोर जगाशी जुळतो.

मूळ आवृत्तीत एक त्रास होता. नव्या दैत्याला आई-बापांकडून कोणती कौशल्ये मिळणार हे यंत्र आपल्या मर्जीने ठरवी. हवी ती कौशल्ये येईपर्यंत खेळाडू संयोग रद्द करत आणि पुन्हा निवडत. कधी कधी अर्धा-अर्धा तास. २०२० च्या आवृत्तीत ही निवड खेळाडूच्या हाती देण्यात आली. या बदलावर नाराजी व्यक्त करणारा खेळाडू सापडणे अवघड आहे.

एकाकीपणा: दोष की आशय

कथेविषयीची मते सर्वांत अधिक विभागलेली आहेत. नायक मूक आहे. मित्र क्वचित भेटतात आणि प्रत्येक भेटीत अधिक परके झालेले दिसतात. टोकियोचे रस्ते ओसाड आहेत. तेथे भेटतात ती मेलेल्यांची बोलकी छाया, दैत्य आणि मातीपासून बनलेली मॅनिकिन नावाची दुबळी माणसे. पहिल्या परीक्षणांपैकी अनेकांनी याला कथेची उणीव म्हटले. पात्रे अपुरी रंगवली आहेत, त्यांच्या तत्त्वज्ञानाकडे होणारा प्रवास पडद्याआड घडतो, असा तो आक्षेप होता.

ज्यांना हा खेळ प्रिय आहे ते नेमके याच गोष्टीकडे बोट दाखवतात. जग संपल्यावर मैत्री टिकत नाही, प्रत्येक जण आपल्या जखमेतून आपले तत्त्वज्ञान घडवतो, आणि ते तत्त्वज्ञान शेवटी इतरांना गिळते, हे सांगण्यासाठी लांबलचक संवाद नकोतच, असे त्यांचे मत आहे. चिआकीचे उदाहरण वारंवार दिले जाते. वर्गातली एक साधी, थोडी अभिमानी मुलगी. शक्ती मिळाल्यावर ती मॅनिकिनांच्या आश्रयस्थानी शिरून त्यांचा संहार घडवते. ज्या मॅनिकिनांनी छळछावणीतून सुटून आसाकुसा ही वस्ती पुन्हा उभारली होती, त्यांच्याशी खेळाडूचा परिचय झालेला असतो. तिने केलेल्या कृत्याचे समर्थन खेळ करत नाही आणि निषेधाचे भाषणही देत नाही. तिची बाजू घेण्याचा मार्ग तेव्हाही खुला राहतो. हा मोकळेपणा काहींना प्रगल्भ वाटतो, तर काहींना थंडपणा. कोणत्याही तत्त्वाच्या बाजूने मनापासून उभे राहता येत नाही, सगळेच वाईट आहेत, ही तक्रार आजही ऐकू येते. शिजिमा, योसुगा व मुसुबी यांत एखादे तरी मोह पाडणारे असते, तर निवडीला धार आली असती. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर खेळात मिळत नाही.

'मॅनिॲक्स'मध्ये अमालाचा चक्रव्यूह आणि त्याच्या तळाशी पोहोचणाऱ्यासाठी नवा शेवट जोडला गेला. त्यात नायक कोणतेही जग न घडवता निर्मितीच्या चक्रालाच आव्हान देतो. हा शेवट इतका लोकप्रिय झाला की बरेच खेळाडू त्यालाच खरा शेवट मानतात. मूळ पाच शेवटांमधील समतोल त्यामुळे बिघडला, असे मानणारेही आहेत.

दान्ते आणि राइदो

'मॅनिॲक्स'मध्ये कॅपकॉम कंपनीच्या 'डेव्हिल मे क्राय' या मालिकेतील दान्ते हा नायक पाहुणा म्हणून आला. युरोपातील वेष्टनावर त्याच्या समावेशाची ठळक जाहिरात होती. ती जाहिरात पुढे महाजालावर विनोदाचा विषय झाली आणि कोणत्याही असंबद्ध गोष्टीवर ती ओळ चिकटवण्याची प्रथाच पडली. अनेकांना हा खेळ प्रथम त्या विनोदातून ठाऊक झाला. २००८ च्या जपानी आवृत्तीत दान्तेच्या जागी ॲटलसच्याच दुसऱ्या मालिकेतील राइदो कुझुनोहा आला.

सुधारित आवृत्तीविषयी

मधल्या काळात परिस्थिती पालटली होती. 'पर्सोना' ही याच मालिकेची शाखा, विशेषतः २०१६ चा तिचा पाचवा भाग, जगभर लोकप्रिय झाली. त्या भागांत मैत्री व शालेय जीवन यांना मोठे स्थान आहे. तेथून 'नॉक्टर्न'कडे आलेल्या नव्या खेळाडूंना हे जग फार निर्दय वाटले. त्यांच्यासाठी अतिसोपी पातळी विनामूल्य देण्यात आली. जुन्या खेळाडूंपैकी काहींनी नाक मुरडले. पण ही पातळी निवडण्याची सक्ती नसल्याने तो वाद फार टिकला नाही. आवाजी संवाद आणि कोठेही खेळ तात्पुरता थांबवून जतन करण्याची सोय यांचे स्वागत झाले.

टीका मुख्यतः तांत्रिक व व्यावहारिक होती. दृश्ये सेकंदाला ३० चौकटींच्याच वेगाने दिसतात आणि निन्टेन्डो स्विचवर तो वेगही काही वेळा घसरतो. मेगुरो यांचे गिटारप्रधान संगीत पुन्हा स्वच्छ रूपात ऐकायला मिळेल, ही अपेक्षा फोल ठरली. जुन्या यंत्रासाठी दाबलेला तोच ध्वनी कायम राहिला. दान्तेसाठी वेगळे पैसे मोजावे लागले, तसेच अनुभवगुण व पैसा झटपट मिळवून देणारे नकाशेही विकत ठेवले गेले. कष्टाने पातळी वाढवण्यावर उभ्या असलेल्या खेळात तो कष्ट टाळण्याची किंमत लावणे अनेकांना खटकले. मूळ कलाकृतीविषयी आदर आणि नव्या वेष्टनाविषयी कुरबुर, असा बहुतेक परीक्षणांचा सूर होता.

नंतरचे स्थान

'प्रेस टर्न' पद्धत किंवा तिचे जवळचे रूप ॲटलसच्या पुढील अनेक खेळांत आढळते. 'डिजिटल डेव्हिल सागा' या २००४ च्या खेळात 'नॉक्टर्न'चा नायकच गुप्त शत्रू म्हणून समोर येतो आणि अटी न पाळणाऱ्या चमूला एका आघातात संपवतो. मालिकेतील सर्वांत अवघड लढायांमध्ये तिची गणना होते. २०२१ च्या पाचव्या भागातही तो अतिरिक्त आशयाच्या रूपाने शत्रू म्हणून परतला. ज्या मूक मुलाला पूर्वी खेळाडूंनी स्वतः घडवले होते, त्याच्यासमोर उभे राहताना त्यांना पुन्हा माटाडोरच्या वेळचीच तयारी करावी लागते.